लॅब्रॅडॉर हवाय? मग आधी अर्ज भरा!

ऐसपैस बंगला, भोवती बाग, दाराशी दोन गाड्या. अशा घरचे गृहस्थ प्राणिकल्याण संस्थेत जातात आणि तेथला सोनेरी लॅब्रॅडॉर दत्तक मागतात. संस्था नम्रपणे नकार देते. पुढच्याच आठवड्यात तोच कुत्रा दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या निवृत्त जोडप्याकडे जातो. असे काही ऐकले की लोक चकित होतात, क्वचित संस्थेच्या हेतूविषयी शंकाही घेतात. पण दोघांचे अर्ज शेजारी शेजारी ठेवले की उलगडा होतो. ‘कुत्रा रात्री कोठे झोपेल?’ या प्रश्नापुढे बंगलेवाल्यांनी लिहिलेले असते, ‘फाटकाजवळ, साखळीला.’ निवृत्त जोडप्याने लिहिलेले असते, ‘आमच्या खोलीत, पलंगाशेजारी.’

कुत्रा विकत घ्यायचा तर खिशात पैसे असले की झाले. दत्तक घ्यायचा तर अर्ज, मुलाखत, घरभेट आणि करारपत्र, एवढे सगळे पार करावे लागते. ‘आम्ही एका मुक्या जिवावर उपकार करायला निघालोय आणि आमचीच उलटतपासणी?’ असा राग पुष्कळांना येतो. हा राग स्वाभाविक असला, तरी उलटतपासणी का होते ते समजून घेतले पाहिजे.

हौसेने आणले, कंटाळून सोडले

रस्त्यावरची बेवारस कुत्री आपल्याला नवीन नाहीत. पण हजारो रुपये मोजून आणलेली जातिवंत कुत्रीही बेवारस होतात, हे अनेकांच्या गावी नसते. बंगळुरूच्या ‘कूपा’ या १९९१ साली सुरू झालेल्या संस्थेला तर अशा कुत्र्यांसाठी ‘सेकंड चान्स’ नावाचे वेगळे दत्तक केंद्र काढावे लागले.

ही कुत्री येतात कोठून? पहिला मार्ग अर्थातच आपल्या घरांतून. मुलाच्या वाढदिवसाला कापसाच्या गोळ्यासारखे पिल्लू आणले जाते. सहा-आठ महिन्यांत त्याचा वीस-पंचवीस किलोंचा दांडगा गडी होतो. तो चपला कुरतडतो, सोफा फाडतो, पाहुण्यांच्या अंगावर उड्या मारतो. त्याच सुमारास मुलाचा उत्साह आटलेला असतो. मग बदली होते, घरात बाळ येते, सोसायटीत कुरबूर सुरू होते, किंवा कुत्र्यालाच खर्चिक आजार जडतो. एके दिवशी त्याला गाडीत घालून लांब नेले जाते आणि गाडी एकटीच परत येते.

लाटेचा भाग वेगळाच. २००३ मध्ये ‘हच’ या मोबाईल कंपनीच्या जाहिरातीत लहान मुलाच्या मागे मागे धावणारा पग आला आणि घरोघरी पगची मागणी सुरू झाली. चपट्या नाकामुळे या जातीला श्वासाचा त्रास होतो, उन्हाळा सोसत नाही, डोळ्यांना सहज इजा होते, हे जाहिरात कशाला सांगेल? पुढे हस्कीची हौस आली. सैबेरियाच्या बर्फात गाड्या ओढणारा हा कुत्रा आपल्याकडच्या मे महिन्यात काय भोगत असेल, याचा विचार घेणाऱ्याने केला नाही आणि विकणाऱ्याने तर नाहीच नाही.

दुसरा मार्ग अधिक क्लेशदायक आहे. पिल्लांच्या धंद्यात वर्षानुवर्षे वापरलेली मादी थकली, तिला पिल्ले होईनाशी झाली, की काही निर्दय लोक तिला सोडून देतात. ओघळलेली आचळे, झडलेले केस, गोचिडांनी भरलेले कान, अशा अवस्थेत ती सापडते. जात लॅब्रॅडॉर, पण कधी मऊ अंथरुणावर झोपलेली नसते की गच्चीवर हुंदडलेली नसते. २०१७ मध्ये केंद्र सरकारने पैदास आणि विक्रीसाठी नियम केले. धंदा करणाऱ्याने नोंदणी केली पाहिजे, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता कामा नये, असे त्यात स्पष्ट आहे. तरीही पिल्लू पाहायला गेलेल्यांपैकी किती जण नोंदणीचा कागद मागतात?

आणि टाकून देणाऱ्याला शिक्षा काय? प्राण्यांना निर्दयतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या कायद्यात प्राणी उपाशीतापाशी सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये! पन्नास रुपयांत आज धड गळपट्टाही येत नाही. कायद्याचा धाक हा एवढाच, म्हणून गाळणी लावायची ती कुत्रा घरी देण्यापूर्वीच, असे संस्थांनी ठरवले तर त्यांचे काय चुकले?

अर्जात काय विचारतात?

प्रत्येक संस्थेचा अर्ज निराळा, पण प्रश्नांचा रोख एकच असतो. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असल्यास घरमालकाची लेखी परवानगी आहे का? घरात किती माणसे, लहान मुले किती वर्षांची? कुत्रा दिवसाकाठी किती तास एकटा राहील? कोणाला दमा किंवा केसांची ॲलर्जी आहे का? गावाला जाताना त्याची सोय काय? दरमहा किती खर्च झेपेल? आणि एक प्रश्न, ज्यापाशी बहुतेकांचे पेन थबकते: यापूर्वी कुत्रा पाळला होता का, आणि त्याचे पुढे काय झाले?

‘म्हातारपणाने गेला, शेवटचे वर्षभर औषधे चालू होती’ असे लिहिणाऱ्याची बाजू आपोआप भक्कम होते. ‘एका शेतकऱ्याला देऊन टाकला’ असे लिहिले, तर मुलाखतीत त्यावर दहा प्रश्न येतात. खोटे लिहिण्यात अर्थ नसतो, कारण काही संस्था पूर्वीच्या पशुवैद्याचे नाव मागून घेतात आणि चौकशीही करतात.

जातीबद्दलचा हट्टही याच वेळी तपासला जातो. ‘लॅब्रॅडॉरच का?’ या प्रश्नावर ‘दिसायला छान असतो’, ‘मित्राकडे आहे’ ही उत्तरे पुरत नाहीत. लॅब्रॅडॉरचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या बरोबरीने थंड पाण्यात काम करत. तेथून ते इंग्लंडला गेले, शिकारीत पडलेले पक्षी हलक्या तोंडाने उचलून आणू लागले आणि १९०३ मध्ये तेथील केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. सांगायचे एवढेच, की पिढ्यान्‌पिढ्या हा कुत्रा माणसाच्या सोबतीने काम करत आला आहे. त्याला फाटकाशी बांधले की तो राखणदार होत नाही, नुसता दुःखी होतो. चोर आला तरी शेपूट हलवण्याचीच शक्यता जास्त!

खाण्याच्या बाबतीत तर हा जन्माचा अधाशी. २०१६ मध्ये केम्ब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले, की जवळजवळ चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरांमध्ये एका जनुकाचा थोडा भाग नसतोच आणि अशा कुत्र्यांचा ओढा खाण्याकडे व वजन वाढण्याकडे अधिक असतो. तेव्हा तो केविलवाण्या डोळ्यांनी बघतो म्हणून आजीने चौथी पोळी, नातीने अर्धा बिस्किटाचा पुडा, असे चालत नाही. शिऱ्यातले बेदाणे, कांदा आणि चॉकलेट या गोष्टी तर कुत्र्याला विषासारख्या आहेत. वजन वाढले की त्याचे खुब्याचे सांधे बोलू लागतात. म्हणूनच ‘कितवा मजला? लिफ्ट आहे का?’ हा प्रश्न अर्जात असतो. आठ वर्षांचा, तीस किलोंचा कुत्रा चौथ्या मजल्यावरून दिवसातून तीनदा उचलून खाली न्यायची पाळी आली, तर ते कोण करणार?

घरभेट

अर्ज पसंत पडला की कार्यकर्ते घर पाहायला येतात. भिंतींचा रंग त्यांना बघायचा नसतो. गॅलरीला जाळी आहे का, फाटकाखालून निसटायला जागा आहे का, आणि मुख्य म्हणजे घरातली सगळी माणसे राजी आहेत का, हे पाहायचे असते. थोड्याफार फरकाने हा संवाद बऱ्याच घरांत घडतो.

“सकाळी सहाला त्याला फिरवायला कोण नेणार?”

“मी!” सातवीतले चिरंजीव हात वर करतात.

“आणि तुझी परीक्षा असेल तेव्हा?”

चिरंजीव आईकडे बघतात, आई बाबांकडे आणि बाबा पंख्याकडे.

“शेवटी ते माझ्याच गळ्यात पडणार, ताई,” आई हसून म्हणते.

“मग काकू, सही आधी तुमचीच हवी. आणि आजी, तुमचं काय म्हणणं?”

“माझं सोवळं असतं गं. देवघरात येता कामा नये. बाकी येऊ दे बापडा.”

आजींची अट कार्यकर्तीला आवडते. तोंडावर हो म्हणून मागाहून रोज कटकट करण्यापेक्षा देवघराचा उंबरठा आधीच ठरला, हे बरे.

सोसायटीची भीती घालणारे शेजारी असतातच. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला बहुमताने ठराव करूनही पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. अर्थात, जिन्यात केलेली घाण मालकाने स्वतः उचलली आणि महापालिकेचा परवाना, रेबीजची लस वेळेवर घेतली, तर भांडणाची वेळ सहसा येत नाही.

एका बाबतीत मात्र संस्था तसूभरही मागे हटत नाहीत, आणि ती म्हणजे निर्बीजीकरण. ‘एकदा पिल्ले होऊ द्या, मग शस्त्रक्रिया करू’ म्हणणाऱ्याचा अर्ज तेथेच बाजूला पडतो. कारण उघड आहे. चांगल्या घरचे असल्याचे सोंग आणून फुकटात जातिवंत मादी मिळवायची आणि तिला पुन्हा पिल्लांच्या धंद्याला लावायचे, असे करणारे महाभागही अर्ज भरतात. जी कशीबशी त्यातून सुटली, तिला परत तेथेच धाडायचे? शस्त्रक्रियेमुळे वयस्क माद्यांना होणारा गर्भाशयातील पुवाचा जीवघेणा विकारही टळतो, तो फायदा वेगळाच.

पिल्लू नाही, मोठाच

बहुतेक अर्जदारांना दोन महिन्यांचे पिल्लू हवे असते. संस्थेकडे असते ती पाच-सहा वर्षांची, कधी एका डोळ्याने अधू, कधी गोचीडतापातून नुकती उठलेली. येथे अनेक जण हिरमुसून परत जातात. खरे तर नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोला पिल्लापेक्षा मोठे कुत्रेच सोयीचे. त्याचा स्वभाव दिसत असतो, दात येण्याचा त्रास संपलेला असतो, बाहेर जाऊन विधी उरकण्याची सवय लवकर लागते. लॅब्रॅडॉर साधारण दहा-बारा वर्षे जगतो. सहाव्या वर्षी आलेल्याची सोबत तुलनेने थोडी, हा हिशेब मात्र मनाशी आधीच करावा लागतो, आणि तो प्रत्येकाला जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी तसे स्पष्ट सांगावे. त्यात कमीपणा नाही.

घरी आणल्यावर लगेच पाहुण्यांची रांग लावू नये. कार्यकर्ते तीन दिवस, तीन आठवडे आणि तीन महिने असा ढोबळ आडाखा सांगतात. पहिले तीन दिवस कुत्रे भेदरलेले असते. पलंगाखाली बसेल, खाणार नाही, फरशीवर शू करेल. तीन आठवड्यांत जेवणाची, फिरण्याची वेळ त्याला कळू लागते आणि खोड्याही बाहेर येतात. घर आपले आहे हे उमगायला तीनेक महिने जातात. पहिल्या आठवड्यातच ‘हा आमच्यात रमत नाही’ म्हणून परत आणणारे असतात, आणि दुसऱ्यांदा परत आलेला कुत्रा दाराकडे पाठ करून बसतो असे आश्रयस्थानातली माणसे सांगतात.

तरीही परत आणायची वेळ आलीच, तर तो संस्थेकडेच आणायचा, परस्पर कोणाला द्यायचा नाही, असे करारपत्रात लिहिलेले असते. त्याखाली घरातल्या मोठ्या माणसांच्या सह्या होतात. मग लसीचे कार्ड, चालू औषधांची चिठ्ठी आणि तो ज्यावर झोपत होता ते जुने चादरीचे फडके हातात दिले जाते. फडके धुवायचे नाही, असे बजावूनही सांगतात. नव्या घरातल्या पहिल्या रात्री ओळखीचा वास तेवढाच असतो.