मेढ्याच्या पावसात घरातली झाडं

वेण्णाकाठच्या आपल्या मेढ्यात पावसाळाभर भिंतीसुद्धा ओल धरतात. या दिवसांत घरातली झाडं मरतात ती तहानेनं नाही, लाडानं! रोजचा तांब्याभर पाण्याचा नेम आधी मोडा. बोट दोन पेरं मातीत खुपसा. ओल लागली तर कुंडीला हात लावू नका.

स्नेक प्लांट मूळचं पश्चिम आफ्रिकेचं. ते पानांवरची छिद्रं मुख्यतः रात्री उघडतं, म्हणून पाणी फार कमी उडतं. पूर्व आफ्रिकेतलं झीझी प्लांट मातीखालच्या कंदात पाणी साठवतं. पावसाळ्यात दोन-तीन आठवडे दोघांकडे बघितलं नाही तरी चालतं. मनीप्लांट मात्र बाटलीतही जगतं (पाणी आठवड्याला बदला, नाहीतर डास).

आपली तांबडी चिकट माती नुसती भरू नका; निम्मी जाड वाळू आणि कोकोपीट हवंच. बशीत साचलेलं पाणी लगेच ओता. जागा खिडकीजवळची. अंधाऱ्या कोपऱ्यात ही झाडं तगतात, वाढत नाहीत.

हवा शुद्ध करायला घेणार असाल तर राहू द्या. झाडं हवा शुद्ध करतात असं दाखवणारा नासाचा १९८९ चा गाजलेला प्रयोग बंद पेटीतला होता, आपल्या घरात वारा खेळतो. आणि हो, तिन्हींची पानं चावली तर त्रास होतो; रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कुंडी उंचावर ठेवा.