‘इज’ या एवढ्याशा शब्दाचा घोळ

इंग्रजी शिकताना अगदी पहिल्या धड्यात भेटणारा शब्द म्हणजे ‘इज’. आपण त्याचा अर्थ ‘आहे’ असा पाठ करतो आणि पुढे जातो. पण बर्ट्रांड रसेल यांचं या शब्दाशी भांडण होतं. 1919 च्या ‘इंट्रोडक्शन टु मॅथेमॅटिकल फिलॉसॉफी’मध्ये ते म्हणतात की, दोन अगदी वेगळ्या कल्पनांसाठी हा एकच शब्द वापरावा, ही मानवजातीला लाज आणणारी गोष्ट आहे. (या पुस्तकाचं बरंचसं लेखन त्यांनी तुरुंगात केलं, बरं का.)

या दोन कल्पना कोणत्या? ‘पहाटेचा तारा शुक्र आहे’ आणि ‘शुक्र तेजस्वी आहे’ ही वाक्यं घ्या. पहिलं उलटं करता येतं: शुक्र हाच पहाटेचा तारा. दुसरं उलटं करून बघा. तेजस्वी हाच शुक्र? मग सूर्याचं काय करायचं! पहिल्या वाक्यात एकाच वस्तूची दोन नावं आहेत, म्हणजे तादात्म्य. दुसऱ्यात वस्तूला गुण चिकटवला आहे. मराठीत आपल्या हाताशी ‘म्हणजे’ आणि ‘हाच’ आहेत, म्हणून तादात्म्य वेगळं दाखवता येतं. इंग्रजीत दोन्हीकडे ‘इज’च.

आणखी एक. ‘हा चहा गोड आहे’ आणि ‘साखर गोड असते’. एक आत्ताच्या कपाबद्दल, दुसरं साखरेच्या स्वभावाबद्दल. इंग्रजीत दोन्हीकडे पुन्हा ‘इज’. हा फरक मराठी मूल शाळेत जाण्याआधीच बोलायला लागतं.

पण खरी अडचण तिसऱ्या अर्थाची, अस्तित्वाची. ‘देव सर्वशक्तिमान आहे’ आणि नुसतं ‘देव आहे’. इथे मात्र मराठीही आपल्याला वाचवत नाही, दोन्हीकडे ‘आहे’च. अकराव्या शतकात संत अॅन्सेल्म यांनी युक्तिवाद केला: ज्याहून थोर काही कल्पिता येत नाही तो देव, नुसतं मनात असण्यापेक्षा प्रत्यक्षात असणं थोर, म्हणून देव प्रत्यक्षात असलाच पाहिजे. ऐकताना काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण बोट कुठे ठेवायचं? कांट यांनी 1781 मध्ये ते ठेवलं. अस्तित्व हा वस्तूच्या गुणांच्या यादीत भर घालणारा गुणच नव्हे. कल्पनेतल्या शंभर नाण्यांपेक्षा खऱ्या शंभरात एक नाणंही जास्त नसतं. फरक पडतो तो खिशाला! यातून देव नाही असं सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा. अनेकजण तिथपर्यंत उडी मारतात. कोसळतो तो फक्त हा पुरावा.

हे सगळं तत्त्वज्ञांचं रिकामपण वाटतं? 17 ऑगस्ट 1998 रोजी अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांची ग्रँड ज्युरीसमोर साक्ष झाली. ‘संबंध नाहीत’ हे त्यांच्या वकिलांचं आधीचं विधान खोटं होतं ना, असा प्रश्न होता. ते म्हणाले, ‘इज’चा अर्थ काय घेता यावर ते अवलंबून आहे. ‘आत्ता नाहीत’ असा घेतला तर विधान खरं; ‘नाहीत आणि कधी नव्हतेही’ असा घेतला तर गोष्ट वेगळी. लोक हसले. तर्काच्या दृष्टीनं त्यांचा भेद बरोबर होता. पण ऐकणाऱ्याला चुकीचा अर्थ घेऊ देणं हे वेगळं कृत्य आहे, आणि त्याचा हिशेब व्याकरण देत नाही.