मर्दानी खेळ शिकायचाय? आधी लाठी धरा!

कोल्हापूरच्या आखाड्यांतले व्हिडिओ पाहून बरेच जण थेट दांडपट्टाच मागतात. २०२४ मध्ये तो राज्यशस्त्र झाल्यापासून तर जास्तच! पण पट्ट्याच्या खोबणीत हात गेला की मनगट वळतच नाही. त्यात पातं लांब आणि लवचिक. सगळा जोर खांदा, कंबर आणि पावलांतून आणावा लागतो. ती पावलं लाठीच शिकवते: पवित्रा, दोन्ही हातांची सवय, अंतराचा अंदाज. चुकलात तर टेंगूळ येईल, टाके नाही पडणार. तलवारीची फारच ओढ असेल तर पुढे फरी-गदका आहेच, म्हणजे ढाल आणि कातडं मढवलेली काठी. विटा, म्हणजे दोरी बांधलेला फेकायचा भाला, मात्र वस्तादांनी सांगितल्याशिवाय नको. आणि हो, वस्ताद निवडताना त्यांच्या शिष्यांचे हात नाही, पाय बघा.