जोगळटेंभीचा नाणेनिधी : ग्रीक रौप्य परंपरेचा महाराष्ट्रातील पुरावा

प्रस्तावना
अथेन्स या ग्रीक नगरराज्याने लॉरियन येथील खाणींच्या चांदीतून घुबडाची प्रतिमा असलेली नाणी पाडली. तेथील द्राख्म सुमारे ४.३ ग्रॅम वजनाचे होते. अलेक्झांडरनंतर हे परिमाण बॅक्ट्रियापर्यंत पोहोचले. पुढे इंडो-ग्रीक राजांनी सुमारे २.४५ ग्रॅमचे हलके द्राख्म प्रचारात आणले. अपोलोडोटस व मिनँडर यांची जुनी द्राख्मे इ. स. च्या पहिल्या शतकात भडोच येथे चलनात असल्याची नोंद ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात आढळते.

नहपानाची नाणी
याच परंपरेत क्षहरात क्षत्रप नहपान याने चांदीची नाणी पाडली. दर्शनी बाजूस राजाचे मस्तक व ग्रीक अक्षरे, तर मागील बाजूस बाण, वज्र आणि ब्राह्मी व खरोष्ठी लेख आहेत. ग्रीक लेखाची लिपी ग्रीक असली तरी भाषा प्राकृतच आहे. यावरून ग्रीक अक्षरे ही वाचण्यापेक्षा नाण्याच्या विश्वासार्हतेची खूण म्हणून टिकली असावीत, असे दिसते. नहपानाचा जावई उषवदात याच्या नाशिक येथील शिलालेखात ३५ कार्षापणांस एक सुवर्ण असा दर मिळतो. तेथेच श्रेणींकडे व्याजाने ठेवलेल्या ३,००० कार्षापणांचाही उल्लेख आहे.

निधीचे महत्त्व
इ. स. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची १३,२५० हून अधिक नाणी सापडली. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी त्यांचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे ९,२७० नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने त्रिकूट पर्वत व उज्जैन चिन्ह पुन्हा ठोकलेले आहे. अनेक नाण्यांवर नव्या ठशाखाली जुन्या मस्तकाच्या रेषा स्पष्ट दिसतात. नाशिकच्या लेखात गौतमी बलश्रीने आपल्या पुत्रास क्षहरात वंशाचा उच्छेदक म्हटले आहे. त्या प्रशस्तीस या नाण्यांनी स्वतंत्र पुष्टी दिली.

समारोप
शिसे, तांबे व पोटीन यांचे चलन प्रामुख्याने वापरणाऱ्या सातवाहनांनी शत्रूची चांदी वितळवली नाही. तिच्यावर केवळ आपली मुद्रा उमटविली. निधीतील उर्वरित नाणी तर मूळ रूपातच राहिली. म्हणजेच सत्तांतर झाले तरी बाजारपेठेचा परिचित चांदीवरील विश्वास अबाधित राहिला, हा या निधीचा महत्त्वाचा निष्कर्ष होय.