पोंग्यावरचे पाणी

रब्बी ज्वारी उगवून दोन-तीन आठवडे झाले की सोलापूर, मंगळवेढा, मोहोळ भागातल्या शेतांत काही रोपांचा मधला पोंगा सुकू लागतो. ओढला तर अलगद हातात येतो आणि बुडाशी कुजका वास येतो. ही पोंगेमर. ती करणारी खोडमाशी घरमाशीपेक्षाही लहान, करड्या रंगाची असते.

पोंगेमर दिसली की शेतकरी फवारणीचा पंप पाठीला लावतो. तोवर वेळ गेलेली असते. रोप आठवड्याचे झाल्यापासून साधारण महिन्याचे होईपर्यंत माशी पानाच्या खालच्या बाजूला एकेक पांढरे, लांबट अंडे घालते. दोनेक दिवसांनी, बहुधा पहाटे, अळी बाहेर पडते, पोंग्यात उतरते आणि वाढीचा कोंब कापते. मग आतल्या कुजलेल्या भागावरच ती वाढते. तिथवर फवारा पोहोचत नाही.

म्हणून कीटकशास्त्रज्ञांनी औषधाआधी त्या पहाटेकडे लक्ष दिले. हैदराबादजवळ पाटनचेरूला 1972 साली सुरू झालेल्या 'इक्रिसॅट'मध्ये या माशीवर वर्षानुवर्षे काम झाले. वाणांची परीक्षा घ्यायची तर शेतात माशी भरपूर हवी. त्यासाठी बळी पडणाऱ्या वाणाच्या ओळी आधी पेरायच्या आणि मासळीचा ओलसर कुट्टा ठेवून माशी ओढून आणायची, अशी पद्धत बसवली गेली. पुढे कळले ते फार मोलाचे होते. अळीला पोंग्यापर्यंत जायला पानावर ओल लागते आणि ती ओल हवेतल्या दवाची नसते, रोपच ती बाहेर टाकते. ज्या वाणाचा पोंगा कोरडा राहतो, तिथे अळीची वाट अवघड होते. चकचकीत पान आणि पानाखालची बारीक लव याही रोपाच्या उपयोगी पडतात. अशा चकचकीत पानांचे वाण शोधले, तेव्हा त्यांतले बहुतेक दक्षिण भारतातल्या रब्बी ज्वारीचे निघाले.

1930च्या दशकात मोहोळला स्थानिक ज्वारीतून निवडलेली 'मालदांडी 35-1' याच घराण्यातली. ती खोडमाशीला अजिबात दाद देत नाही असे नाही, पण बऱ्यापैकी तग धरते. याउलट 1964 साली आलेल्या 'सीएसएच-1' या खरीप संकरित वाणाची मादी अमेरिकन होती. उत्पन्न वाढले, आणि उशिरा पेरलेल्या शेतांत खोडमाशीही माजली. त्या काळात कार्बोफ्युरानसारखे जहाल दाणेदार औषध बियाण्यासोबत तासात टाकत. आता इमिडाक्लोप्रिड किंवा थायामेथोक्झामची बीजप्रक्रिया करतात. औषध मोजकेच लागते आणि ते कोवळ्या रोपात, नेमक्या धोक्याच्या दिवसांत असते. कीटकनाशकाचा याहून शहाणा वापर मला तरी ठाऊक नाही.

खरिपात पहिल्या पावसावर लवकर पेरून माशी चुकवता येते. आपल्या रब्बीत पेरणी उत्तरा-हस्ताच्या पावसावर आणि जमिनीतल्या ओलीवर अडलेली असते, तिथे निवडीला फारसा वाव नाही. म्हणून सोलापुरात कोरडवाहू शेतीचे आणि रब्बी ज्वारीचे संशोधन जिथे चालते, तिथे वाणाची ताकद वाढवण्यावर सतत भर राहायला हवा, आणि त्यासाठी कीटकशास्त्रज्ञाला वर्षामागून वर्षे एकाच शेतात टिकू दिले पाहिजे.

शेतकऱ्यांना एवढीच विनंती: बियाणे प्रक्रिया करूनच पेरा, थोडे जास्त पेरा, गावाने शक्यतो एकाच वेळी पेरा, विरळणीत पोंगेमर झालेली रोपे उपटून नष्ट करा, आणि सुकलेल्या पोंग्यावर औषध वाया घालवू नका.