आधी खूण, मग चिठ्ठी

आमच्या घरात माझ्या नोकरीविषयी एक समजूत आहे, की हा एकेका ओळीसाठी तीन-तीन आठवडे बसतो. दुर्दैवाने ती खरी आहे.

संगणकाच्या नेटवर्क कार्डाचा कारभार पाहणाऱ्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. लिनक्ससाठी मी लिहिलेला असा एक ड्रायव्हर इंटेलच्या प्रोसेसरवर वर्षानुवर्षे बिनतक्रार चालला. तोच एआरएम जातीच्या प्रोसेसरवर नेला आणि दोन-चार दिवसांतून एकदा घोटाळा होऊ लागला. आलेलं पॅकेट ६० बाइटचं, आणि ड्रायव्हर सांगे १,५००! ते काम आमच्याकडे नव्यानेच आलेल्या एका मुलीकडे होतं. चूक तिचीच, असं मी भर बैठकीत सांगून मोकळा झालो. बिचारीने आपला भाग दोनदा नव्याने लिहिला. शोधासाठी मध्ये संदेश छापायची ओळ घातली, की दोष गायब. डॉक्टरच्या दारात दाढ दुखायची थांबते ना, तसं.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "सर, आपण आधी खूण वाचतो, मग लांबी. प्रोसेसरही त्याच क्रमाने वाचतो कशावरून?"

मी गप्पच झालो. त्या ओळी माझ्या होत्या.

समजा, वाणी पिशवी भरतो, तिच्यावरच्या चिठ्ठीत वजन लिहितो आणि शेवटी खडूने खूण करतो. पिशव्या त्याच, पुन्हा पुन्हा भरायच्या. पोराला सांगितलंय, आधी खूण बघ, मग चिठ्ठी वाच. पोरगं चलाख, वेळ वाचवायला चिठ्ठी आधीच वाचून ठेवतं. तेवढ्यात वाणी चिठ्ठी बदलून खूण करतो. पोराला खूण दिसते ताजी, वजन मात्र मागच्या खेपेचं! कार्ड म्हणजे वाणी, प्रोसेसर म्हणजे ते पोरगं. इंटेलचं पोरगं अशी वाचनं क्रमानेच झाल्यासारखी दाखवतं. एआरएमचं तशी हमी देत नाही. माझी चूक इतकी वर्षं झाकली गेली ती यामुळे.

उपाय एका ओळीचा. दोन वाचनांच्या मध्ये अडसर घालायचा, की खूण वाचून झाल्याशिवाय चिठ्ठीला हात लावायचा नाही. २०१५ साली आलेल्या लिनक्सच्या ३.१९ आवृत्तीपासून नेमका यासाठीच 'डीएमए-आरएमबी' नावाचा अडसर आहे. तो घातला आणि यंत्र आठवडाभर चालत ठेवलं. एकही पॅकेट बिघडलं नाही.

सोमवारच्या बैठकीत, त्याच मंडळींसमोर, चूक माझी होती असं सांगितलं. ती जरा अवघडली. मग म्हणाली, "सर, पॅकेट पाठवायच्या बाजूलाही असंच काहीतरी दिसतंय. आज बघू या?"