पूल पाडल्यावर मोकळी होणारी जमीन कोणाची?

महामार्ग जुना झाला की सरकारपुढे तांत्रिक प्रश्न उभा राहतो: दुरुस्ती, पुनर्बांधणी की पाडकाम? पण शहरातून जाणारा महामार्ग कोणाच्या घरांवरून गेला होता, हा सामाजिक प्रश्न त्याआधीचा आहे. अमेरिकेतील सिराक्यूज शहराचे उदाहरण म्हणूनच आपल्या कार्यकर्त्यांनी समजून घ्यायला हवे.

१९५६ च्या कायद्याने अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार देऊ लागले. शहरांनी मार्ग आखताना बहुतेक वेळा स्वस्त जमीन आणि कमी राजकीय ताकद असलेली वस्ती निवडली. ही जमीन आपोआप स्वस्त झाली नव्हती. १९३० च्या दशकात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या नकाशावर लाल रंगाने 'धोकादायक' ठरवल्या गेल्या आणि तिथे गृहकर्ज मिळणे अवघड झाले. आधी वस्तीची किंमत पाडली, मग स्वस्त म्हणून ती रस्त्यासाठी घेतली.

सिराक्यूजचा 'पंधरावा वॉर्ड' असाच उद्ध्वस्त झाला. शहर नूतनीकरण आणि आय-८१ महामार्ग यांमुळे सुमारे १,३०० कुटुंबे विस्थापित झाली. उरलेल्यांच्या वाट्याला सव्वादोन किलोमीटरचा उड्डाणपूल, धूर आणि गोंगाट आला.

पुलाचे आयुर्मान संपत आल्यावर नवा पूल, बोगदा आणि जमिनीवरचे साधे रस्ते असे पर्याय चर्चेत आले. उपनगरांतील अनेक व्यावसायिकांना महामार्ग जागेवरच हवा होता. अनेक वर्षांच्या सुनावण्यांनंतर २०२२ मध्ये पूल पाडून शहरी रस्त्यांचे जाळे करण्याचा निर्णय झाला. लांबची वाहतूक शहराबाहेरील आय-४८१ च्या मार्गावरून वळवायचे ठरले. सुमारे २.२५ अब्ज डॉलरच्या या प्रकल्पाचे काम २०२३ मध्ये सुरू झाले.

यात संघटित आवाजाचे फळही दिसते. आधीच्या आराखड्यात प्राथमिक शाळेजवळ वाहतुकीचे मोठे वर्तुळ होते. पालक आणि नागरी हक्क कार्यकर्त्यांनी हरकत घेतली, तेव्हा ते शाळेपासून दूर हलवले गेले.

मात्र पूल गेला म्हणजे न्याय झाला, असे नाही. मोकळ्या जमिनीवर महागड्या इमारती उभ्या राहिल्या, तर भाडी वाढतील आणि त्याच समाजाला पुन्हा बाहेर पडावे लागेल. म्हणून तिथले रहिवासी जमिनीची मालकी, परवडणारी घरे आणि बांधकामातील रोजगार यांवर बोट ठेवत आहेत.

आपल्याकडे ईस्टर्न फ्रीवेचा ठाण्याकडील विस्तार आणि घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगराचा पुनर्विकास एकमेकांशी जोडलेले आहेत. दोन्ही देशांचे कायदे वेगळे आहेत. विचारायचे प्रश्न मात्र सारखेच आहेत. पात्रता कोण ठरवते? भाडेकरूंचे काय? घर त्याच जागी मिळणार का? ते लेखी आहे का? आराखडा मंजूर होण्याआधी तो मिळवून वाचणे, मुदतीत लेखी हरकत देणे आणि तिची पोच जपून ठेवणे, हे काम आपल्या तरुणांनी वस्तीवस्तीत शिकून घेतले पाहिजे. पूल उभा राहिल्यावर घेतलेली हरकत ऐकली जायला सिराक्यूजमध्ये अर्धशतक लागले.